सीसीएनए, एक जुना स्विच आणि नेटवर्क सिक्युरिटी: वर्षभरानंतरचा अनुभव

'नेटवर्किंग-सिक्युरिटीचा कोर्स करू का?' असं इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. पुण्यातल्या एका क्लासमध्ये नेटवर्किंग आणि सायबर सिक्युरिटी असा जोडकोर्स केला, नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोची सीसीएनए ही सर्टिफिकेट परीक्षा (२००-३०१) दिली आणि आता एका कंपनीच्या एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या विभागात, एल-वनला (पहिल्या पायरीवर) आहे, शिफ्ट ड्यूटीवर. क्लासचं नाव लिहिणार नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतके हे क्लास सारखे आहेत, त्यामुळे नावाने फारसा फरक पडत नाही.

निकाल आधीच सांगते. ज्या सिक्युरिटीच्या नावावर फी घेतली, तो भाग जवळपास वाया गेला. सिक्युरिटी खरी कळली ती 'हे बेसिक आहे' म्हणून भराभर उरकलेल्या स्विचिंगमधून (एका नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा म्हणजे स्विच), आणि तीही बरीचशी घरी बसून.

सुरुवात पॅकेट ट्रेसरची, म्हणजे लॅपटॉपवर नकली नेटवर्क उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरची. सिस्कोच्या नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर नोंदणी केली की फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. यातला सिम्युलेशन मोड म्हणजे या सॉफ्टवेअरचा जीव. राउटरवरून पिंग मारलं (दुसऱ्या यंत्राला पाच छोटी पॅकेटं पाठवून उत्तर येतं का पाहिलं) की बरेचदा पहिला ठिपका येतो, म्हणजे उत्तर नाही, आणि मग चार उद्गारचिन्हं, म्हणजे उत्तर आलं. पाचातला एक गेला कुठे? सिम्युलेशन मोडमध्ये एकेक पायरी पुढे गेलं की दिसतं: पिंग निघण्याआधी राउटर एआरपी नावाचा प्रश्न पाठवून विचारतोय की या आयपीच्या (नेटवर्कमधल्या पत्त्याच्या) यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) कोणता, आणि उत्तर येईपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलं जातं. एआरपी विचारणाऱ्याची किंवा उत्तर देणाऱ्याची कसलीही ओळख तपासत नाही, हेही तिथेच डोळ्यांसमोर येतं. एआरपी स्पूफिंगवर (खोटं उत्तर देऊन दुसऱ्याची रहदारी आपल्याकडे वळवण्यावर) क्लासमध्ये चाळीस स्लाइड झाल्या, त्याआधी हे एकदा दाखवलं असतं तर निम्म्या स्लाइड लागल्या नसत्या.

पण पॅकेट ट्रेसर शेवटी नक्कल आहे. बऱ्याच कमांड नाहीत, काही नुसत्या नावाला आहेत, आणि सगळं फार शहाण्यासारखं वागतं. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचा एक जुना कॅटलिस्ट २९६० स्विच घेतला. माझ्या मते या सगळ्या खर्चातला सर्वांत वसूल झालेला खर्च हाच.

खऱ्या स्विचला केबल लावली की दिवा आधी नारिंगी होतो आणि तीसेक सेकंदांनी हिरवा. पंधरा सेकंद लिसनिंग, पंधरा लर्निंग. स्पॅनिंग ट्री नावाची स्विचची व्यवस्था लूप (केबलचं वर्तुळ, ज्यात पॅकेटं फिरतच राहतात) नाही ना याची खात्री करून घेते. पॅकेट ट्रेसरमध्येही हे आहे, पण तिथे वेळ पुढे पळवायचं बटण आहे! खऱ्या स्विचसमोर बसून वाट पाहावी लागते, तेव्हा ही वाट वगळणारं पोर्टफास्ट कशासाठी असतं हे परत कोणी सांगावं लागत नाही.

आणि एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. स्विच चालू केला तर आत आधीच्या मालकाचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं. कोणता व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) अकाउंट्सचा, कोणता सीसीटीव्हीचा, मॅनेजमेंटचा आयपी काय, सगळं. पासवर्ड 'टाइप सेव्हन'मध्ये, म्हणजे दिसायला अगम्य पण उलगडायला कोणतीही फुकटची वेबसाइट पुरे. सिस्कोने ही पद्धत मागे उभा राहून स्क्रीनवर डोकावणाऱ्यापुरतीच आडोसा म्हणून ठेवली होती. अर्थात मी ते सगळं पुसून टाकलं. भंगारात जाणारं यंत्र आधी कोरं करावं, हा मुद्दा आमच्या क्लासच्या सिक्युरिटी मोड्यूलमध्ये एका ओळीचाही नव्हता.

खरी मजा डीएचसीपीची, म्हणजे यंत्रांना आपोआप आयपी वाटणाऱ्या व्यवस्थेची. मैत्रिणीकडून जुना सिस्को राउटर आणला आणि त्याला डीएचसीपी सर्व्हर केलं. मग घरचा वायफाय राउटर त्याच स्विचला जोडला, पण वॅनऐवजी (इंटरनेटकडच्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टातून. आता दोघंही आयपी वाटायला बसले. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता लॅपटॉप मुकाट घेतो. गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) त्याचाच घेतो. म्हणजे सगळी रहदारी कुठून जायची हे त्या पाहुण्या डब्याने ठरवायचं. ऑफिसमध्ये कोणी सोयीसाठी घरून राउटर आणून टेबलाखाली लावला तर नेमकं हेच होतं. त्यासाठी काळा हूडी घातलेला हॅकर लागत नाही.

उपाय डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या पोर्टावरून आयपी वाटू द्यायचे हे स्विचनेच तपासणं. ते चालू केलं की सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात आणि खऱ्या सर्व्हरकडच्या पोर्टाला 'ट्रस्ट' द्यावं लागतं. ट्रस्ट दिल्यावरही लॅपटॉपला आयपी मिळत नव्हता. कारण स्विच विनंतीत स्वतःहून ऑप्शन ८२ (विनंती कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टावरून आली याची नोंद) घालतो, आणि रिले एजंटचा (विनंती पुढे पोचवणाऱ्या मधल्या यंत्राचा) पत्ता शून्य असताना आत ऑप्शन ८२ दिसला की सिस्कोचा राउटर ती विनंती फेकून देतो. एका ओळीने ते घालणं बंद करता येतं. हा गुंता कोणत्याही स्लाइडवर नव्हता, आणि मुलाखतीत मी याच्यावरच सर्वांत जास्त वेळ बोलले.

वायरशार्कबद्दल (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) थोडक्यात: शिकाच. १९९८ पासूनचं सॉफ्टवेअर, २००६ पर्यंत नाव इथेरियल होतं, आजही फुकट. स्विचवर पोर्ट मिरर करून (एका पोर्टाच्या रहदारीची प्रत दुसऱ्यावर घेऊन) टेलनेटचं (दूरच्या यंत्रात शिरायची जुनी, उघडी पद्धत) लॉगिन पकडलं की पासवर्ड अक्षर न् अक्षर वाचता येतो. तेच सांकेतिक रूपात बोलणाऱ्या एसएसएचवर केलं की हाती काहीच लागत नाही.

आता क्लासचा सिक्युरिटीचा भाग. काली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यातली तयार हल्ल्यांची टूल्स, स्वतःच्याच हॉटस्पॉटचा पासवर्ड शोधणं, असं ते होतं. बघायला झकास, टाळ्या वगैरे. पण ऑगस्ट २०१८ मध्ये याच शहरातल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी करून २८ देशांतून पैसे काढले गेले, पुढे स्विफ्टमधूनही (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून) पैसे हाँगकाँगला गेले, एकूण सुमारे ९४ कोटी. अशा वेळी विचारायचे प्रश्न असे: कोणत्या सर्व्हरने कोणाशी बोलायचं, ते कोणी अडवायचं, आणि बोलणं बदललं तर कोणाला कळायचं? पुण्यात बसून हा कोर्स शिकवताना या घटनेचा उल्लेखही होऊ नये, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

परीक्षेबद्दल लोक फार विचारतात म्हणून तेवढंच. १२० मिनिटं, पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, फी ३०० डॉलर आणि वर कर. आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के भार, सिक्युरिटी फंडामेंटल्सला १५. सबनेटिंग (आयपींचे गट पाडण्याचं गणित) बोटांवर हवं: /२६ म्हटलं की ६२ होस्ट, पुढची ब्लॉक ६४ ला. क्लासमध्ये डम्प्स (परीक्षेतले चोरलेले प्रश्न) वाटले जात होते. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. आणि डम्प पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीत 'ट्रंक पोर्टवर नेटिव्ह व्हीलॅन जुळला नाही तर काय होतं?' या प्रश्नाला गप्प बसतो, हे मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलंय.

नोकरीत सर्वांत जास्त काय वापरते? एनटीपी (यंत्रांची घड्याळं जुळवणारं) आणि सिसलॉग (यंत्रांच्या नोंदी एका जागी गोळा करणारं). क्लासमध्ये दोन्ही दहा मिनिटांत गुंडाळले होते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. फायरवॉलचं घड्याळ चार मिनिटं मागे आणि स्विचचं दोन मिनिटं पुढे असेल तर रात्री तीन वाजता आधी काय झालं आणि नंतर काय, हे कोणीही सांगू शकत नाही. हे काम चकचकीत नाही. रात्रपाळी आहे, तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) आहेत, 'नेट स्लो आहे'चे फोन आहेत.

मग क्लास लावावा का? स्वतःहून रोज बसायची सवय असेल तर नको. पूर्ण सीसीएनए यूट्यूबवर फुकट शिकवणारे आहेत, ते पैसे स्विच आणि परीक्षेला ठेवा. वेळापत्रकाशिवाय हलत नसाल तर लावा, पण फक्त नेटवर्किंगचा; सिक्युरिटीची जोड नोकरीत एखादी फायरवॉल हाताळल्यावर घ्या. 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'मधला 'असिस्टन्स' म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या लिंका. फी भरण्याआधी लॅबमधला रॅक दाखवायला सांगा आणि 'शो व्हर्जन' मारून अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे) बघा. कालपरवाचाच चालू केलेला दिसला तर एवढंच विचारा की त्याआधी तो कधी सुरू होता.