डिजिटल मायक्रोमीटरवर व्हॉल्व्ह, टॅपेट आणि कॅमची झीज: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातला गॅप मोजणारा फिलर गेज (पातळ पट्ट्यांचा संच) सगळ्या झिजेची फक्त बेरीज सांगतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला फिरता शाफ्ट) आणि टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग) झिजले की गॅप वाढतो. सीट (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) खोल गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. दोन्ही झिजा बरोबरीने चालल्या, तर गॅप अगदी मॅन्युअलप्रमाणे भरतो आणि आत मात्र सगळं खाल्लेलं असतं. प्रत्येक पार्ट सुटा मोजायचा म्हणून ०–२५ मिमीचा, ०.००१ मिमीपर्यंत दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर घेतला. हेडच्या (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) कामात तो आता रोज हाताशी असतो.

सगळ्यात जास्त कामी आला तो व्हॉल्व्हच्या स्टेमवर, म्हणजे दांड्यावर. कॉटरच्या (स्प्रिंगची टोपी अडकवणाऱ्या पाचरीच्या) खाचेखाली एक छोटा पट्टा असतो, जो गाईडमध्ये, म्हणजे स्टेम ज्यात सरकतं त्या नळीत, जातच नाही. तो जवळपास नव्यासारखाच राहतो. तिथलं माप आधी घ्यायचं, मग गाईडमध्ये चालणाऱ्या भागावर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी व्हॉल्व्ह काटकोनात फिरवून दोनदा. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर वर ५.४७८ आणि मध्ये ५.४६१ मिळालं. १७ मायक्रॉनची (०.०१७ मिमी) पायरी. नख फिरवलं तर जेमतेम अडकत होतं, पण डोळ्याला स्टेम चकचकीत आणि निर्दोष. एक मात्र बघून घ्या: काही इंजिनांत एक्झॉस्टचं स्टेम डोक्याकडे मुद्दाम किंचित बारीक केलेलं असतं, कारण तिथे उष्णता जास्त. मॅन्युअल न उघडता त्याला झीज म्हणाल तर चांगला व्हॉल्व्ह भंगारात जाईल. कार्बनचंही तसंच. स्टेम नीट पुसल्याशिवाय तिसऱ्या दशांशाला काही अर्थ नाही.

शिम (गॅप जुळवायची चकती), टॅपेटचा बाहेरचा व्यास, रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचा) शाफ्ट या बाबतीत तक्रार नाही. रॉकर शाफ्ट खालच्या अंगाला झिजतो, कारण भार तिकडूनच येतो. म्हणून तो फिरवत फिरवत मोजायचा, एका मापावर भागत नाही.

कॅमवर मात्र हे यंत्र तोकडं पडतं. बऱ्याच इंजिनांत लोबची (कॅमच्या उंचवट्याची) उंची २५ मिमीच्या पुढे असते, म्हणजे २५–५० चा मायक्रोमीटर लागतोच. शिवाय याचे जबडे सपाट आणि साडेसहा मिमी रुंद. फॉलोअर (लोबवर घासत चालणारा भाग) लोबपेक्षा अरुंद असेल तर मधला भाग खचतो आणि दोन्ही कडांना न झिजलेल्या कडा उभ्या राहतात. जबडा त्या कडांवर टेकतो आणि लोब नवाच असल्याचं सांगतो. तिथे ब्लेडसारख्या अरुंद जबड्यांचा हवा. लिफ्ट (लोबची उचल) काढायला मी शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल (हालचाल दाखवणारं घड्याळ) लावणं पसंत करतो, पण डायलचा दांडा सरळ हवा. तो १० अंश कलला तर ८ मिमीच्या लिफ्टमध्ये चांगला ०.१२ मिमीचा फरक पडतो, आणि तोही जास्त दाखवण्याकडे.

गाईडचं भोक तर याने मोजताच येत नाही. त्यासाठी स्मॉल होल गेज भोकात बसवायचा आणि बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायचा. गाईड दोन्ही टोकांना भोंग्यासारखा पसरतो, म्हणून तिथेही तीन ठिकाणी. या जोडीत हाताचा अंदाज फार येतो. तीनदा सारखं येईपर्यंत मी आकडा लिहीत नाही.

तापमानाचा बाऊ स्टेमपुरता करू नका. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं, साडेपाच मिमीच्या स्टेमला दहा अंशांनी एक मायक्रॉनही होत नाही. पण गरम पाण्यात धुतलेला ३५ मिमीचा लोब २० अंश जास्त गरम असताना मोजलात तर सात-आठ मायक्रॉन उगाच वाढतात.

यंत्राबद्दल: रॅचेट (दाब सारखा ठेवणारी मूठ) अजून मऊ चालतो, शून्य टिकून आहे, तरी सकाळी जबडे कागदाने पुसून तपासतोच. शेवटचा आकडा एखाद-दुसऱ्या मायक्रॉनने नाचतो. या जातीच्या यंत्रांची अचूकताच तेवढी असते, त्यामुळे नाचण्यावर राग नाही. राग आहे तो शून्याच्या बटणावर. ते नेमकं अंगठ्याखाली येतं आणि तेलकट हाताने धरलं की मध्येच शून्य सरकतं. बॅटरीही बंद ठेवली तरी उतरते, म्हणून काम नसताना काढून ठेवतो. पुढचा २५–५० चा घेईन तो साधा, रेघांवर वाचायचा.