कॅल्शियम चॅनल ब्लॉकर की नायट्रेट? रक्तवाहिनीच्या आकडीवरची दोन औषधं

अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, तरी पहाटे छाती आवळून येते. निदान कोरोनरी स्पाझम, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीला येणारी आकडी, आणि आता प्रश्न की रोजची गोळी कुठली?

आकडी रोखण्यात कॅल्शियम चॅनल ब्लॉकर सरस. सुरुवात बहुधा त्यानेच होते. हे दुखणं मध्यरात्र ते पहाट या वेळेत जास्त उफाळतं, म्हणून डॉक्टर अनेकदा रात्री झोपताना डोस देतात. नायट्रेटची अडचण इथेच आहे. चोवीस तास अंगात राहिलं तर शरीर त्याला सरावतं आणि असर उतरतो, त्यामुळे रोज काही तास नायट्रेटविना ठेवावे लागतात. ते तास पहाटेचे आले की पंचाईत!

त्रास दोन्हींचा आहे. कॅल्शियम चॅनल ब्लॉकरांपैकी अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, मोजे काढल्यावर वळ उमटलेला दिसतो. डिल्टियाझेमने नाडी मंदावते. नायट्रेटने डोकं ठणकतं, आणि सिल्डेनाफिलसोबत (व्हायग्रा) ते घेणं जिवावर बेतू शकतं.

मन मानेल तेव्हा गोळी सोडणं मात्र दोन्हींत धोक्याचं, आकडी उलटून येते. सिगारेट चालू असेल तर औषधांची तुलनाच फिजूल.

नाडी आधीच मंद असेल तर डिल्टियाझेमऐवजी अ‍ॅम्लोडिपिन बरं. ब्लॉकर पुरेशा डोसात घेऊनही झटके येत असतील, तर जोडीला दीर्घकाळ टिकणारं नायट्रेट. झटक्याच्या वेळी घ्यायची नायट्रेटची जिभेखालची गोळी किंवा स्प्रे मात्र प्रत्येकाच्या खिशात हवाच. आणि त्यानेही दुखणं थांबलं नाही तर थेट अँब्युलन्स.