फिलर मिसळलेल्या डांबरासाठी व्हिस्कोमीटर की ऱ्हिओमीटर?

नुसत्या डांबराची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजायची असेल, तर रोटेशनल व्हिस्कोमीटर (डांबरात दांडा फिरवून श्यानता मोजणारे यंत्र) पुरेसा आहे. १३५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला २० फेऱ्यांच्या वेगाने घेतलेले वाचन ३ पास्कल-सेकंदांच्या आत आहे का, म्हणजेच डांबर पंपाने वाहून नेता येईल का, एवढेच तिथे पाहायचे असते. निवडीचा खरा प्रश्न उभा राहतो तो डांबरात चुनखडीसारखी खनिज पूड, म्हणजेच फिलर, मिसळून मॅस्टिक तयार केल्यावर.

माझा कौल डायनॅमिक शिअर ऱ्हिओमीटरकडे (दोन तबकड्यांमध्ये नमुना धरून तो मागे-पुढे पिळणाऱ्या यंत्राकडे) झुकला तो मुख्यतः एका त्रासामुळे, आणि तो म्हणजे पूड तळाशी बसणे. चुनखडीची घनता डांबराच्या अडीच पटींहून अधिक असते आणि १३५ अंशांना डांबर इतके पातळ होते, की वाचन स्थिर होण्याची वाट पाहत राहिले तर आकडा हळूहळू उतरत जातो. नमुना ढवळला की तो वर चढतो आणि पुन्हा उतरू लागतो. यातले कोणते वाचन मॅस्टिकचे मानायचे, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळाले नाही. पूड फार बारीक किंवा तिचे प्रमाण बरेच जास्त असेल, तर दाटीतले कण एकमेकांना अडवून धरत असल्याने इतरांना हा त्रास कमी जाणवतही असेल.

ऱ्हिओमीटरमध्ये मी ६० अंशांच्या आसपास काम करतो. तिथे श्यानता शेकडो पटींनी जास्त असल्याने चाचणी संपेपर्यंत कण जागचे हलत नाहीत, आणि रस्त्यावर चाकोऱ्या पडतात त्याही अशाच तापमानाला. कणांमुळे श्यानता किती वाढते हे सांगणारा आइन्स्टाइनचा २.५ हा गुणक विरळ कणांपुरताच लागू पडतो. मॅस्टिकमध्ये पूड वाढवत गेल्यास श्यानता त्याहून कितीतरी वेगाने चढते आणि शिअरच्या (थर एकमेकांवरून सरकण्याच्या) वेगावरही अवलंबून राहू लागते. अशा पदार्थाबद्दल एका वेगाचे एक वाचन फार थोडे सांगते, तर ऱ्हिओमीटर कला-कोनामुळे (ताणामागे विकृती किती मागे राहते हे दाखवणाऱ्या कोनामुळे) त्याचा लवचिक भागही वेगळा दाखवतो.

नमुन्याची कडा नीट कापणे मात्र कष्टाचे आहे. २५ मिलिमीटरच्या तबकड्यांमधील फट १ मिलिमीटर असते. ती सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दहापट असावी, या संकेतानुसार ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली पूड चालते, वाळू चालत नाही. केवळ मिश्रणाचे किंवा पंपिंगचे तापमान ठरवायचे असेल, तर व्हिस्कोमीटर ठेवावा, फक्त ढवळल्यापासून वाचनापर्यंत गेलेला वेळ प्रत्येक नमुन्यासाठी सारखाच राखावा.