दुसऱ्याची बोट की स्वतःची? बेटांवर चार्टर करू पाहणाऱ्या जोडप्यांसाठी

दोघांनाही शिडाच्या बोटीचं वेड, दोघंही पाण्याला न घाबरणारे, आणि डोक्यात एकच किडा वळवळतोय: कॅरिबियनमध्ये जायचं, पाहुण्यांना भाड्यानं बोटीवर फिरवायचं (हाच चार्टरचा धंदा), तिथेच राहायचं आणि तिथेच कमवायचं. अशी जोडपी भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘कुठली बेटं चांगली?’ माझ्या मते त्याआधी दुसरं ठरवायला हवं. बोट कोणाची? आम्ही दोघांनी दुसऱ्याच्या बोटीवर कॅप्टन आणि कुक म्हणून काम केलं. स्वतःची बोट चालवणारी जोडपी शेजारच्याच मूरिंगवर, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागेवर असायची, त्यांचे हिशेब आणि त्यांची दमछाक जवळून पाहिली. त्यावरून हे लिहिते आहे.

काम दोन्हीकडे तेच

या धंद्याचं एक मोठं घर म्हणजे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. टोर्टोला, व्हर्जिन गोर्डा, योस्ट व्हॅन डाइक, नॉर्मन आयलंड ही बेटं सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल या सामुद्रधुनीच्या आसपास अशी वसलीत की एकावरून दुसरं दिसतं. अटलांटिकच्या मोठ्या लाटा बाहेरच अडतात आणि हिवाळाभर पूर्वेकडून व्यापारी वारा सलग मिळतो. एकटं अनेगाडा वेगळं: सपाट प्रवाळबेट, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, आणि शेजारच्या हॉर्सशू रीफवर आजवर शेकडो जहाजं फुटली आहेत.

बोट बहुधा पंचेचाळीस-पन्नास फुटी कॅटमरान (जोड-बुडाची रुंद बोट), पाहुणे सहा ते आठ, मुक्काम आठवड्याचा. एक जण कॅप्टन, दुसरा कुक. बाकी सगळी कामं दोघांत. आठवड्याचे सातही दिवस पहाटे साडेपाचला कॉफी ठेवण्यापासून रात्री शेवटचा ग्लास धुईपर्यंत. कॅटमरानवर स्वयंपाकाचा ओटा बैठकीतच असतो, म्हणजे कांदा चिरणाऱ्या माणसापासून दोन हातांवर पाहुणे बसलेले. नवरा-बायकोत काही बिनसलं तर ते बोलायला बंद होणारं दारच नसतं. रात्री झोपायला अनेक बोटींवर पुढच्या टोकाची खोपटी: डेकवरचं झाकण उघडून शिडीनं आत उतरायचं, गादीवर उठून बसलं की डोकं छताला. पाऊस आला की झाकण लावायचं, झाकण लावलं की वारा बंद. नांगरावर असलात तर बोट वळेल तशी साखळीची करकर रात्रभर ऐकू येते.

बोट स्वतःची असली म्हणून हे सुटत नाही, आणि ते आधीच सांगायला हवं. मालक जोडपंही चांगल्या केबिन पाहुण्यांनाच देतं, कारण त्याच केबिनचे पैसे येतात.

त्यात टर्नअराउंड. जुने पाहुणे दुपारी उतरले की नवे येईपर्यंत, कधी अवघ्या चोवीस तासांत, सगळ्या चादरी-टॉवेल लाँड्रीत, पाण्याच्या टाक्या भरणं, टॉयलेटचे पंप तपासणं, स्टीलवरचं मीठ पुसणं, जनरेटरचं तेल, आणि नव्या पाहुण्यांच्या प्रेफरन्स शीटप्रमाणे (काय आवडतं, काय चालत नाही याचा त्यांनी भरलेला कागद) आठ माणसांचा आठवड्याचा बाजार. टोर्टोलात जवळजवळ सगळं बाहेरून जहाजानं येतं, त्यामुळे महाग, आणि आयत्या वेळी कोथिंबीर मिळेलच असं नाही. शाकाहारी आणि व्हेगन पाहुणे वाढलेत. आपल्याकडची बाई किंवा बाप्या डाळ, भाजी, कोशिंबिरीतून सात दिवस वेगवेगळं ताट मांडू शकतो. हे आपलं खरं भांडवल आहे, ते बायोडेटात वर लिहा.

पैसा

असं धरू की आठवड्याचं भाडं २४,००० डॉलर, खाण्यापिण्यासकट. व्हर्जिन आयलंड्समध्ये या आकाराच्या बोटीला हा आकडा अवास्तव नाही. यातून पाहुणे आणून देणाऱ्या ब्रोकरचे १५ टक्के आणि बुकिंग सांभाळणाऱ्या एजंटाचे साधारण ५ टक्के गेले की १९,२०० उरले. बाजार, दारू, डिझेल, मूरिंग मिळून साडेचार हजार धरा. हातात १४,७०० दिसतात.

नोकरीवर असलात तर हा हिशेब मालकाचा. तुम्हाला ठरलेला पगार किंवा दर आठवड्यामागे रक्कम, आणि टिप. टिपेचा रिवाज भाड्याच्या १५ ते २० टक्के, म्हणजे वरच्या उदाहरणात दोघांत मिळून ३,६०० ते ४,८०० डॉलर. राहणं-खाणं बोटीवरच, खर्चायला वेळ नाही, त्यामुळे पैसे खरोखर साठतात. चांगल्या चाललेल्या बोटीला हंगामात पंधरा ते वीस आठवडे मिळतात. पहिल्या वर्षी नव्या जोडीला तेवढे मिळतील असं धरू नका. ब्रोकर बोटीपेक्षा माणसं विकतात, आणि अनोळखी माणसं विकायला ते बिचकतात.

स्वतःची बोट असेल तर १४,७०० तुमचे, टिपही तुमची. ऐकायला फार छान. पण चार्टरला शोभेल अशी त्या आकाराची कॅटमरान पाच लाख डॉलरच्या खाली क्वचित मिळते, म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर. देखभालीला वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के हा जुना ठोकताळा. तो चार्टरच्या बोटीला कमीच पडतो, कारण घरगुती बोट वर्षातून काही आठवडे चालते आणि ही रोज. वॉटरमेकरचा (समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा) पंप जायचा तो पाहुणे असतानाच जातो. नोकरीत असताना मालकाला फोन करून त्याच्या कार्डावर पार्ट मागवायचा. स्वतःची असली की तोच पार्ट, विमानाचं भाडं, कस्टम आणि हुकलेला आठवडा, सगळं तुमच्या डोक्यावर.

रिकामे महिने

माझ्या मते खरा निर्णय इथे होतो. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत धोका सर्वात जास्त आणि पाहुणे जवळजवळ शून्य. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, तसंच हेही. फरक एवढाच की इथे होडीची किंमत चार कोटी आणि विमा कंपनीची अट लेखी असते.

६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ टोर्टोलावरून गेलं. वादळात बोटी लपवायची तिथली जुनी जागा म्हणजे पराकीटा बेची खारफुटी. चार्टरच्या बोटी तिथे एकमेकींवर चढलेल्या, उलट्या पडलेल्या सापडल्या. त्यानंतर विमा महागला आणि अटी कडक झाल्या. बऱ्याच पॉलिसी सांगतात की या महिन्यांत बोट साधारण बारा अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला हवी. म्हणजे टोर्टोलाहून सुमारे चारशे सागरी मैल खाली, ग्रेनाडाला, किंवा आणखी खाली त्रिनिदादच्या चाग्वारामासला. तिथे यार्डात बोट बाहेर काढायची, शिडं उतरवायची, भाडं भरायचं. आणि ग्रेनाडाही निर्धोक नाही. ७ सप्टेंबर २००४ ला इव्हान तिथूनच गेलं. १ जुलै २०२४ ला बेरिल ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर चौथ्या श्रेणीचं होऊन आलं, आणि ते बेट अनेकांच्या हिशेबात सुरक्षित होतं.

मालक जोडप्याला या महिन्यांत उत्पन्न नाही, खर्च मात्र पुरा. डोळे हवामानाच्या नकाशावर. आमच्या ओळखीचं एक जोडपं सप्टेंबरभर यार्डातल्या बोटीवर शिडी लावून राहायचं, उन्हात तापलेल्या फायबरमध्ये, पंखा लावून. त्यांची बोटीवर माया होती, तक्रार नव्हती. पण आईवडिलांकडे जायचं म्हटलं की दोघांपैकी एकच निघायचा.

नोकरीवरच्या जोडप्यानं जुलैत बोट यार्डात लावून दिली की पिशवी उचलायची. काही मालक थोडा पगार चालू ठेवतात, बरेच ठेवत नाहीत. पण तुम्ही घरी जाऊ शकता. गणपती जवळपास दरवर्षी घरी होतात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना हे सांगायला लागू नये, तरी सांगते, कारण बोट विकत घेताना हे कोणाच्याच कागदावर नसतं.

आपला पासपोर्ट

अमेरिकी बोटींची अडचण मोठी. शेजारची सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही बेटं अमेरिकेची. तिथे प्रवासी नेणाऱ्या अमेरिकी बोटीच्या कॅप्टनला त्यांच्या कोस्ट गार्डचा परवाना लागतो, आणि या आकाराच्या बोटीसाठी तो परदेशी माणसाला मिळत नाही. ब्रिटिश बाजूला आरवायएचं (ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचं) यॉटमास्टर ऑफशोर हे प्रमाणपत्र, व्यावसायिक शिक्क्यासह, चालतं. त्यासाठी समुद्रावरचे ५० दिवस, २,५०० मैल आणि साठ मैलांहून लांबचे पाच प्रवास लागतात, आणि निम्मा अनुभव भरती-ओहोटीच्या पाण्यातला हवा. कॅरिबियनमध्ये भरती जेमतेम जाणवते, म्हणून ते मैल तिथे जाऊन करू म्हणणारे अडकतात. मुंबईच्या पाण्यात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो, तिथे केलेले मैल कामाचे. कुकनंही एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दिलं जाणारं) मूलभूत प्रशिक्षण घ्यावं. वर्क परमिट मालकाच्या नावानं निघतं, आणि पाहुणे अमेरिकी बेटांवर न्यायचे असतील तर अमेरिकेचा व्हिसा आधीच हातात हवा.

याच कारणासाठी सेशेल्सचाही विचार करा. चार-पाच अंश दक्षिणेला असल्यामुळे माहे, प्रालँ, ला दीग ही बेटं चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत. मुंबईहून थेट विमानानं चार-साडेचार तास. भारतीयाला जायला व्हिसा लागत नाही, पण काम करायला कंपनीनं परवाना काढावा लागतो. तिथे केबिन सुट्या विकल्या जातात, त्यामुळे एकमेकांना अनोळखी पाहुणे एकाच टेबलावर. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात, डिसेंबरपासून वायव्येचा पाऊस, तरी धंदा वर्षभर चालू. म्हणजे वादळाची धास्ती नाही आणि सक्तीची सुट्टीही नाही. करारात सुट्टीचे आठवडे लिहून घ्या.

माझं मत

कर्ज काढून स्वतःची बोट घेणार असाल तर नको. हप्ता ऑगस्टमध्येही येतो. पैसा पूर्ण तुमचा असेल, दोघांपैकी एकाला डिझेल इंजिन, वायरिंग आणि टॉयलेटचे पंप खोलायला मनापासून आवडत असेल, आणि मागे घरी सांभाळणारं कोणी असेल, तर स्वतःची बोट घ्या. तीही दोन हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर काढल्यानंतर. तोवर ब्रोकर तुम्हाला ओळखतील आणि तुमच्या बोटीला पहिल्याच वर्षी आठवडे मिळतील. बाकी सगळ्यांनी नोकरीच करावी, आणि ती दुय्यम समजू नये. मालकाचा विमा, तुमचं कौशल्य, असा हा सरळ व्यवहार आहे.

समुद्रच पाहुण्यांना द्यायचा असेल, पण त्यांच्यासोबत राहायचं नसेल, तर तिसरी वाटही आहे. चार्ली आणि जिनी केरी या जोडप्यानं १९६९ मध्ये टोर्टोलात सहा बोटी घेऊन ‘द मूरिंग्ज’ सुरू केली, ती पाहुण्यांनी स्वतः चालवायच्या बोटी भाड्यानं देणारी. अशा तळावर बोटी तपासणं, पाहुण्यांना नकाशा समजावणं, बिघाडाला डिंगी (छोटी होडी) घेऊन धावणं अशा नोकऱ्या असतात, आणि रात्री तुम्ही आपल्या खोलीवर असता. जोडप्यांना बोटीवरच्या जागेचीच धास्ती असेल तर ही वाट उत्तम.

नोकरी ठरवली असेल तर वेळेचं भान ठेवा. ब्रोकरांसाठीचे चार्टर शो नोव्हेंबरमध्ये भरतात, तेव्हा बोट आणि जोडी दोन्ही तयार लागते. मालक त्याआधी, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये माणसं शोधतात. अर्ज दोघांचा मिळून एकच करा, फोटो एकत्र काढा, आणि सोबत आठ माणसांचा सात दिवसांचा पूर्ण मेन्यू जोडा, त्यात दोन दिवस शाकाहारी.