जाड सुती सतरंजी: दोन हिवाळ्यांचा अनुभव

पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो, आणि आमच्या घरातील सारवलेली जमीन काढून टाइल्स बसवल्यापासून पहाटे पाय खाली ठेवणे नकोसे झाले होते. म्हणून तालुक्याच्या आठवडी बाजारातून सहा बाय नऊ फुटांची जाड सुती सतरंजी घेतली.

विक्रेत्याने ‘खोली गरम राहील’ असे सांगितले होते, ते मात्र खरे नाही. सतरंजी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, आणि आमच्यासारख्या टिनाच्या छताच्या घरात रात्रीची बरीचशी ऊब वरूनच निघून जाते. फरक पडतो तो पायांना. टाइल आणि सतरंजी यांचे तापमान जवळपास सारखेच असले, तरी टाइल तळपायातील उष्णता झपाट्याने ओढून घेते, तर सुताच्या धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा ती सहज जाऊ देत नाही. पूर्वी वापरलेली प्लास्टिकची पातळ चटई या बाबतीत फारशी उपयोगी पडली नव्हती. सतरंजीखाली रिकामी बारदाने अंथरल्यावर ऊब आणखी जाणवली. जमिनीवर बसून जेवणाऱ्या आमच्या आईंचा अभिप्राय तर माझ्यापेक्षाही अनुकूल आहे.

पावसाळ्यात मात्र ती ओल धरते व कुबट वास येतो, त्यामुळे उन्हात वारंवार वाळवावी लागते. उन्हाळ्यात आम्ही ती गुंडाळूनच ठेवतो, कारण तेव्हा हीच थंड फरशी हवीहवीशी वाटते.