हॅलो सी-१८, २.७ मायक्रॉन: कॉलम उत्तम, पण आधी ट्यूबिंग बदला

तारापूर, वाळूज, वेर्णा इथल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये ४०० बार प्रेशरपर्यंतच्या एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं) अजून रोज राबतात. ज्यांना नवी, जास्त प्रेशरची यूएचपीएलसी घेता येत नाही, पण २५० मिमी लांब, ५ मायक्रॉन कणांच्या कॉलमवरचा (कण भरलेल्या नळीवरचा) वीस मिनिटांचा रन निम्म्यावर आणायचाय, त्यांच्यासाठी हा हॅलो कॉलम आहे. इथे ४.६ मिमी व्यास, १५० मिमी लांबीच्या कॉलमचा विचार केलाय.

२००६ साली बाजारात आलेल्या या कॉलममधल्या २.७ मायक्रॉन कणाचा गाभा भरीव, १.७ मायक्रॉनचा, त्यावर ०.५ मायक्रॉन जाडीचं सच्छिद्र कवच. तरीही आकारमानाचा पाऊण हिस्सा सच्छिद्रच राहतो, त्यामुळे रिटेन्शन (रेणू कॉलममध्ये धरून ठेवणं) फारसं पडत नाही. ‘रेणूला आत कमी अंतर जावं लागतं म्हणून पीक (आलेखावरचा उंचवटा) अरुंद’ असं सर्रास सांगतात. लहान औषधी रेणूंना ते फारसं लागू नाही. त्यांना खरा फायदा होतो तो भरीव गाभ्यामुळे लांबीच्या दिशेचं विसरण (पसरणं) घटतं आणि कॉलम एकसारखा भरला जातो म्हणून. कवच पातळ असल्याचा लाभ प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंना मिळतो.

त्याच फ्लोला प्रेशर जुन्या कॉलमच्या साधारण दुप्पट येतं. १५० बार येत असेल तर ३०० धरा. पंपाची सील झिजलेली असतील तर ती आधी बदला.

सगळ्यात जास्त घोळ ट्यूबिंगमध्ये (जोडनळ्यांमध्ये) होतो. जुन्या कॉलमवर सुरुवातीच्या पीकची रुंदी १४० मायक्रोलिटरच्या आसपास असते, इथे ती ६० वर येते. निळ्या पट्टीची आतून ०.२५ मिमी व्यासाची PEEK (प्लास्टिकची) ट्यूबिंग ५० सेंमी लावली, तर तिच्यातच २४ मायक्रोलिटर मावतात. लाल, ०.१३ मिमीची लावली की साडेसहा. इंजेक्टर ते कॉलम आणि कॉलम ते डिटेक्टर, दोन्ही बाजू बदला. एकच बदलून भागत नाही. नळी कॉलमच्या तोंडात तळाला टेकवून धरायची आणि मगच नट आवळायचा. जुन्या कॉलमवर बसलेली स्टीलची फेरूल (नळी घट्ट धरणारी कडी) इथे तशीच वापरू नका: खोली वेगळी असली तर मागे पोकळी राहते आणि सगळ्याच पीकना टेलिंग (मागे लांब शेपूट) येतं. ते दिसलं की लोक कॉलमला दोष देतात. डिटेक्टरचा डेटा रेटही (सेकंदाला किती बिंदू नोंदतो ते) बघा. साडेतीन सेकंदांच्या पीकवर १ हर्ट्झने तीन-चारच बिंदू मिळतात. किमान १० हर्ट्झ ठेवा.

लांबी १५० मिमीच का? यूएसपीच्या (अमेरिकन औषधकोशाच्या) ६२१ प्रकरणात लांबी भागिले कणाचा आकार हे गुणोत्तर उणे २५ ते अधिक ५० टक्के बदलता येतं. मूळ कॉलमचं ५०, याचं ५५.६, म्हणजे आरामात बसतं. १०० मिमीचं ३७ येतं आणि खालची मर्यादा ३७.५, थोडक्यात हुकतं! मग प्लेट काउंटवरून (कॉलमच्या कार्यक्षमतेच्या आकड्यावरून) तुलना दाखवावी लागते. तशी मुभा आहे, पण कागदपत्रं वाढतात.

इंजेक्शन २० वरून १२ मायक्रोलिटरवर आणा. सॅम्पल शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्ये असेल तर पहिले पीक पसरतात किंवा दुभंगतात. ते मोबाइल फेजमध्येच (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणातच) विरघळवा. इनलेट फ्रिट (कॉलमच्या तोंडाची गाळणी) २ मायक्रॉनची आहे, त्यामुळे नेहमीचा ०.४५ चा फिल्टर पुरतो. दोन मायक्रॉनखालच्या कणांच्या कॉलमपेक्षा हा चोंदायला उशीर लावतो, आणि रोजच्या कामात ही फार मोलाची गोष्ट आहे.

उणीव एकच, पण खरी. सच्छिद्र ५ मायक्रॉन सिलिकाचं पृष्ठफळ ग्रॅमला ३०० चौरस मीटरच्या घरात असतं, याचं १३५. फॉर्मिक ॲसिडच्या मोबाइल फेजमध्ये ॲमिट्रिप्टिलीनसारखे बेसिक रेणू जास्त घातले की पीक काटकोन त्रिकोणासारखा होतो. आधी सॅम्पल दहापट पातळ करून बघा. आकार सुधारला तर ओव्हरलोड होता. असेसाठी (औषधाचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीसाठी) फॉस्फेट बफर घ्या, मात्र रन संपल्यावर थेट ॲसिटोनायट्राइल सोडू नका. आधी ९०:१० पाणी-ॲसिटोनायट्राइल २५ मिली, मगच ऑरगॅनिक वाढवा, नाहीतर क्षार फ्रिटवरच बसतील.