प्रायोगिक टायपोग्राफी शिकवायची तर सुरुवात खिळ्यांपासून की कोडपासून?

ग्राफिक डिझाईनच्या वर्गाला प्रायोगिक टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचे रूढ नियम ताणून बघणं, शिकवायचं ठरलं की शिक्षकापुढे पहिला पेच उभा राहतो तो साधनाचा. मुलांना खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे सुटे ठसे, जुळवायला छपाईयंत्रापाशी उभं करायचं, की संगणकावर कोड लिहायला बसवायचं? एका सत्रात दोन्ही करू म्हटलं तर धड एकही होत नाही. त्यामुळे निवड करणं भाग आहे.

हाताच्या बाजूला स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या डिझाईन शाळेची परंपरा आहे. एमिल रूडरने तिथे काटेकोर, मोजूनमापून जुळणी शिकवली आणि त्याच शाळेत १९६८ पासून वोल्फगांग वाइनगार्ट शिकवू लागला. तो छापखान्यात उमेदवारी करून तयार झालेला खिळेजुळारी होता. अक्षरांमधलं अंतर अवाच्या सवा ताणणं, परिच्छेद पायऱ्यांसारखे उतरवणं, पुढे फिल्मचे थर एकावर एक ठेवणं, हे सगळं त्याला सुचलं ते खिळे काय करू देतात आणि काय नाही, हे हाताला ठाऊक असल्यामुळे.

खिळ्यांचा खरा फायदा त्यांच्या आडमुठेपणात आहे. शिशाचे दोन खिळे एकाच जागी बसत नाहीत. दोन अक्षरं एकमेकांवर हवी असतील तर कागद पुन्हा यंत्रात घालून दुसऱ्यांदा छापावा लागतो. म्हणजे संगणकावर एका क्लिकने होणारी गोष्ट इथे निर्णय बनते: आधी कोणतं, वर कोणत्या रंगाचं, शाई वाळू द्यायची की नाही. ओळींमधली जागासुद्धा पट्टी घातल्याशिवाय तयार होत नाही, त्यामुळे कोरी जागा ही वस्तू आहे हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

तोटेही तितकेच खरे आहेत. जुळणी, आवळणी, प्रूफ आणि छपाईनंतर प्रत्येक खिळा केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, त्याच्या घरात परत टाकणं, यात वेळ भसाभस जातो. शेवटचं काम तर मुलं मनापासून टाळतात. शिशाचा संबंध असल्याने हात धुण्याची आणि खाण्यापिण्याची शिस्त पाळावी लागते. शिवाय यंत्र एक आणि वर्ग मोठा असेल तर अर्धी मुलं नुसती बघत बसतात. अशा वर्गात यंत्राचा हट्ट धरू नये. कापलेली अक्षरं, स्टेन्सिल आणि झेरॉक्स मशीन यांतून आडमुठेपणाचा बराचसा भाग मिळतो.

कोडची बाजू वयाने लहान असली तरी पोरकी नाही. १९९० साली आलेल्या ‘बेओवोल्फ’ या फॉन्टमध्ये एरिक व्हान ब्लॉकलंड आणि युस्ट व्हान रॉसम यांनी अक्षरांच्या कडा छापताना आपोआप हलतील असा प्रोग्रॅम घातला. त्यामुळे एकच अक्षर दर वेळी थोडं निराळं उमटायचं. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांचं ‘प्रोसेसिंग’ हे कोड लिहून चित्रं काढण्याचं साधन आलं आणि चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांना कोड लिहिणं आवाक्यात वाटू लागलं. २०१६ पासून व्हेरिएबल फॉन्ट आहेत. त्यांत जाडी आणि रुंदी सलग बदलता येते.

कोडमध्ये विद्यार्थी आकृती न काढता नियम लिहितो. हा मोठा फरक आहे. ‘ओळ जितकी खाली, तितकं अक्षर रुंद’ असं एकदा लिहिलं की शंभर रूपं समोर येतात. पण गोची इथेच होते. शंभरही बरी दिसतात, आणि सदतिसावंच का निवडलं याचं उत्तर मुलाकडे नसतं. स्लायडर सरकवत बसणं हा प्रयोग नव्हे. त्यात सत्राचा निम्मा काळ कंस आणि स्वल्पविराम दुरुस्त करण्यात जातो, आणि शिक्षक स्वतः कोड लिहिणारा नसेल तर नमुन्यातले आकडे बदललेली कामं हाती पडतात.

देवनागरीत काम असेल तर दोन्हीकडे वेगळी अडचण येते. अक्षरं दूर सारण्याचा रोमन लिपीतला पहिला धडा इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण शिरोरेषा तुटते. तुटू द्यायची की ताणायची, हाच मग प्रयोग होतो. कोडमध्ये ‘क्षि’ हे एक अक्षर चार युनिकोड चिन्हांचं असतं: क, हलन्त, ष आणि वेलांटी. शब्दाचे सरळ तुकडे पाडले तर सुटी पडलेली वेलांटी, अक्षराच्या जागी संगणक दाखवतो त्या ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळते. दुरुस्तीचे मार्ग आहेत, पण माझ्या मते ते वर्तुळ आधी मुलांना दिसू द्यावं. भिंतीवर लावलेल्या कामांत बऱ्याचदा तेच सर्वात बोलकं असतं.

माझा कल स्पष्ट आहे. वर्षभर अक्षरांची साधी मांडणी शिकलेला, पण स्क्रीनवरच वाढलेला वर्ग असेल तर हातापासून सुरुवात करावी आणि कोड पुढच्या सत्रात घ्यावा. उलट क्रमात मुलं यंत्रापाशी येतात ती संगणकावर ठरवलेली आकृती छापून घ्यायला, आणि मग छपाई नुसती सजावट उरते. मुलांना आधीच थोडं कोडिंग येत असेल आणि काम हलत्या अक्षरांचं असेल, तर मात्र खिळ्यांच्या मागे लागू नये. आणि ओळीची लांबी, ओळींमधलं अंतर यांची समज अजून आलेली नसेल, तर विषयच एक वर्ष पुढे ढकलावा. १९९४ मध्ये अमेरिकन डिझायनर डेव्हिड कार्सनने ‘रे गन’ या संगीताच्या मासिकातली एक कंटाळवाणी वाटलेली मुलाखत अख्खी चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, हे उदाहरण असा वर्ग हमखास पुढे करतो. पण ती खोडी चालली, कारण वाचनीय पान कसं लावतात हे तोवर साऱ्यांना माहीत होतं.

साधन कोणतंही घ्या, गुण देताना अडचण तीच येते: विचित्र दिसणाऱ्या कामाला किती द्यायचे? प्रत्येक कामासोबत एक कागद मागून घ्यावा. काय स्थिर ठेवलं, काय बदललं, काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, एवढंच त्यावर लिहायचं. काम सुरू होण्याआधी पहिल्या तीन ओळी भरून घ्याव्यात, नाहीतर त्या शेवटी निकालाला जुळवून लिहिल्या जातात. निम्मे गुण या कागदाला द्यावेत, आणि फसलेल्या छपाया फेकू न देता त्यालाच टाचून घ्याव्यात.